रिमाइंडर लावला होता, पण...

‘अगं, रिमाइंडर लावला होता ना मी!’ हे वाक्य त्या दिवशी मी निदान दहा जणांना ऐकवलं. कुणालाच पटलं नाही. चौथ्या सेमिस्टरला मीडिया लॉच्या पेपरात मला 36 मार्क पडले होते, पासिंगला 40 लागतात. पेपर बरा गेला होता, म्हणून रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायचाच होता. शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. लॅपटॉपवरच्या रिमाइंडर अ‍ॅपमध्ये मी गुरुवारचा एक आणि शुक्रवारचा एक असे दोन रिमाइंडर लावले आणि निर्धास्त झाले. शुक्रवारी दिवसभर त्याच लॅपटॉपसमोर बसून असाइनमेंट टाइप करत होते. स्क्रीनवर काहीच आलं नाही. रात्री मेसमध्ये मैत्रिणीनं विचारलं, ‘फॉर्म भरलास ना?’ हातातला घास हातातच राहिला.

झालं होतं असं, की बुधवारी रात्री विंडोजनं अपडेट घेऊन लॅपटॉप रिस्टार्ट केला होता. सकाळी मी पासवर्ड टाकल्यावर चॅटचं अ‍ॅप उठलं, गाण्यांचं उठलं, व्हिडिओ मीटिंगचं उठलं. लॉकडाऊननंतर एकदाही न खेळलेल्या गेमचा लाँचरसुद्धा उठला. रिमाइंडरचं अ‍ॅप तेवढं उठलं नाही. माझ्या तारखा आत सेव्ह होत्या, अगदी जशाच्या तशा. पण अशी बरीच छोटी डेस्कटॉप अ‍ॅप्स स्वतः चालू असतील तरच वाजतात. फोनमधला अलार्म अ‍ॅप न उघडताही वाजतो, त्यामुळे लॅपटॉपचंही तसंच असणार असं आपण धरून चालतो. तिथेच फसगत होते.

चूक माझीच, मान्य. पण थोडा राग अ‍ॅप बनवणाऱ्यांवरही आहे. ज्या अ‍ॅप्सना माझा वेळ खायचाय, ती इन्स्टॉल होतानाच ‘लॉगिनबरोबर सुरू व्हा’ या चौकटीत स्वतःच टिक करून घेतात आणि न बोलावता रोज हजर होतात. ज्याला मी कामाला ठेवलंय, ते मात्र दाराबाहेर सभ्यपणे उभं. न विचारता स्टार्टअपमध्ये घुसू नये हा सभ्यपणा मला पटतो. पण मग विचारा की! पहिला रिमाइंडर सेव्ह करताना एक ओळ दाखवा, ‘लॅपटॉप रिस्टार्ट झाल्यावर मी आपोआप सुरू होऊ का?’ एवढ्यानं माझं सेमिस्टर वाचलं असतं.

तोवर हे काम आपल्यालाच करावं लागणार, आणि ते फार अवघड नाहीये. आधी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय आहे का बघा. नसेल तर विंडोजमध्ये विंडोज की आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘शेल:स्टार्टअप’ हे इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. एक फोल्डर उघडेल, त्यात अ‍ॅपचा शॉर्टकट पेस्ट करा. शॉर्टकटच, अख्खं अ‍ॅप उचलून टाकू नका. मॅकवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, मग लॉगिन आयटम्स. उबुंटूवर ‘स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स’ नावाचं साधन असतं, तिथे अ‍ॅड करायचं.

यात एक गोम आहे. हे फोल्डर ज्याचं लॉगिन त्याच्यापुरतंच असतं. माझ्या लॅपटॉपवर भावाचं वेगळं लॉगिन आहे, तो बसला की माझा रिमाइंडर त्याच्याकडे उठणार नाही. (बरंच आहे म्हणा!) आणि सेटिंग केलं म्हणजे झालं असं समजू नका. पाच मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावा, लॅपटॉप खरोखर रिस्टार्ट करा, लॉगिन करा आणि अ‍ॅपला हात न लावता वाट बघा. नुसतं झाकण मिटून उघडलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तेव्हा लॅपटॉप सहसा फक्त झोपलेला असतो, बंद झालेला नसतो.

‘एवढ्या सगळ्या गोष्टी आपोआप सुरू केल्या तर लॅपटॉप रडतो’ असं आमचा एक मित्र म्हणतो. बरोबर आहे त्याचं. म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपची यादी वाचा. माझ्या यादीत अकरा नावं निघाली, त्यातली आठ मी कधीच बोलावली नव्हती. ती डिसेबल केली. डिसेबल केल्यानं अ‍ॅप डिलीट होत नाही, फक्त आगाऊपणा बंद होतो.

घरी हे सांगितलं तर आईनं भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. दूध कधी आलं नाही, गॅस कधी लावला, सगळं तिच्या त्या चौकोनांत. ‘याला लॉगिन लागत नाही,’ म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी दिवसाचे आठ तास भिंतीसमोर नाही, स्क्रीनसमोर असते, त्याला काय करणार?

रिव्हॅल्युएशन गेलंच. एटीकेटीचा पेपर पुढच्या सेमिस्टरबरोबर दिला. त्या फॉर्मच्या दिवशी सकाळी लॉगिन केल्या केल्या रिमाइंडर उजव्या कोपऱ्यात टुणकन वर आला. फॉर्म मी आदल्या दिवशीच भरला होता, आईनं फोन करून विचारलं म्हणून.