पंधरा फुटांची रेषा

मागच्या पालक सभेत नववीतल्या एका मुलाच्या अम्मी आमच्या टेबलापाशी थांबल्या. मुलगा शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. त्याचे अब्बा आठ वर्षांपासून आखातात कंत्राटावर आहेत. अम्मी म्हणाल्या, "सर, अभ्यासाचं मी बघते. पण एक सांगा, बॉल जाळीत टाकून आजवर कुणाचं घर चाललंय का?" गर्दी होती. 'खेळ तब्येतीला चांगला असतो' असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही. म्हणून या महिन्याचे पान त्या अम्मींसाठी, आणि हाच सवाल ज्या घरांत विचारला जातो त्या सगळ्यांसाठी.

महमूद अब्दुल रऊफ हे नाव आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. त्यांचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट गावचा. तेव्हाचे नाव ख्रिस जॅक्सन. वडील माहीत नाहीत, आईने एकटीने वाढवले, घरात हलाखी. त्यात शरीर मध्येच झटके देई, तोंडातून नकळत आवाज निघत. या आजाराला टुरेट सिंड्रोम म्हणतात हे कळेपर्यंत ते सतरा वर्षांचे झाले होते. या आजारापायी एखादी गोष्ट मनाला 'बरोबर' वाटेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करत. बुटाची नाडी वाटेल तितक्या वेळा सोडायची आणि बांधायची. सरावात बॉल कड्याला न लागता थेट जाळीतून गेला पाहिजे, आणि तोही सलग दहा वेळा. नवव्या वेळी चुकला तर पुन्हा एकपासून मोजणी. ज्याला लोक खोड म्हणत होते, त्यातूनच हात तयार झाला.

बास्केटबॉलमध्ये समोरच्याने चूक केली की फ्री थ्रो मिळतो. सुमारे पंधरा फुटांवरच्या रेषेवर उभे राहायचे आणि दहा फूट उंचीच्या कड्यात बॉल टाकायचा. मध्ये कुणी आडवे येत नाही. सोपे वाटते, पण हजारो लोक ओरडत असताना भल्याभल्यांचे हात कापतात. १९९३-९४ च्या मोसमात अब्दुल रऊफ यांनी असे २२९ थ्रो घेतले आणि २१९ जाळीत टाकले. आख्ख्या मोसमात फक्त दहा चुकले.

कॉलेज गाजवून १९९० मध्ये ते जगातल्या सर्वात मोठ्या लीगमध्ये, एनबीएमध्ये आले. त्या वर्षीच्या निवडीत त्यांचा नंबर तिसरा होता. डेन्व्हरच्या संघाने त्यांना घेतले. १९९१ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला, १९९३ मध्ये नाव बदलले. १९९५-९६ च्या मोसमात सरासरी एका सामन्याला १९ च्या वर गुण करणारे ते त्या संघाचे पहिल्या नंबरचे खेळाडू होते.

त्याच मोसमात ते सामन्याआधी राष्ट्रगीताला उभे राहत नव्हते. कधी आत खोलीत थांबत, कधी बाजूला अंग मोकळे करत. कित्येक महिने कुणाच्या लक्षातही आले नाही. मार्च १९९६ मध्ये कारण विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की हा झेंडा जुलमाचेही प्रतीक आहे, आणि माझे मन मला उभे राहू देत नाही. १२ मार्चला लीगने त्यांना निलंबित केले. एका सामन्याचे ३१,७०७ डॉलर गेले. डेन्व्हरच्या एका रेडिओ केंद्राची माणसे वाद्य घेऊन मशिदीत शिरली आणि तिथे राष्ट्रगीत वाजवून आली. शेवटी तोड निघाली: उभे राहायचे, पण मान खाली घालून दुआ मागायची. त्यांची भूमिका बरोबर की चूक, यावर अमेरिकेतल्या मुस्लिमांतही दोन मते होती. त्या काळचे मोठे खेळाडू हकीम ओलाजुवान यांना ती पटली नव्हती. आमच्या शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीत होते, आम्ही आणि मुले मनापासून उभे राहतो. त्यांचे भांडण त्यांच्या देशाशी होते, ते आम्हाला इथे उकरायचे नाही. आम्हाला बघायचे आहे ते त्याच्या पुढचे.

त्याच उन्हाळ्यात डेन्व्हरने त्यांना सॅक्रामेंटोच्या संघाला देऊन टाकले. तिथल्या दुसऱ्या मोसमात ते फक्त ३१ सामने खेळले. १९९८ मध्ये करार संपला आणि एनबीएतून कुणाचा फोन आला नाही. वय होते २९. खेळाडूचा हा ऐन उमेदीचा काळ.

इथून पुढे त्यांची नोकरीची यादी वाचावी. १९९८-९९ तुर्कस्तानात फेनरबाहचे. मग एक वर्ष कोरे. २०००-०१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संघातून एनबीएत एक मोसम, तोही बहुतेक बाकावर बसून. मग दोन वर्षे कोरी. याच काळात, २००१ मध्ये, मिसिसिपीतले त्यांचे घर जळून खाक झाले. आग मुद्दाम लावल्याचा संशय होता. २००३ मध्ये रशियात उरल पर्वताकडचे पेर्म शहर. पुढच्या वर्षी इटलीच्या समुद्रकाठचे रोझेतो हे लहानसे गाव. पुन्हा एक कोरे वर्ष. २००६-०७ ग्रीसमध्ये थेस्सलोनिकीचा आरिस क्लब. त्यानंतर जेद्दाचा अल-इत्तिहाद. आणि २००९ पासून दोन मोसम जपानमध्ये क्योतो. तिथे पोहोचले तेव्हा वय चाळीस होते.

आमच्या वाचकांतल्या अनेक घरांना ही यादी ओळखीची वाटेल. देश बदलतात, मालक बदलतो, करार संपतो, नवा व्हिसा येईपर्यंत माणूस घरी बसतो. शेजारी विचारतात, "सुट्टीवर आलाय का?" आणि घरचे हो म्हणतात. कोरे वर्ष म्हणजे काय, हे अशा घरांना समजावून सांगावे लागत नाही.

परदेशी लीगमधली खेळाडूची नोकरीही साधारण तशीच असते. एनबीएत ३० संघ, एकेका संघात पंधराच्या आसपास माणसे, म्हणजे सगळ्या जगातून जेमतेम साडेचारशे जागा. बाकीचे चांगले खेळाडू पोटासाठी देशोदेशी फिरतात. करार बहुधा एका मोसमाचा. राहायला घर क्लब देतो. संघात परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात, त्यामुळे त्याने पहिल्या सामन्यापासून गुण केले पाहिजेत. गुडघा दुखावला किंवा हात थंड पडला की मोसम चालू असतानाच दुसरा माणूस येतो. पगार थकण्याच्या तक्रारी इतक्या की आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, २००७ मध्ये खेळाडू आणि क्लब यांच्या भांडणांसाठी वेगळा लवादच सुरू केला.

खेळही थोडा बदलतो. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, बाहेर ४० मिनिटांचा. तीन गुणांची रेषा तेव्हा बाहेर सव्वासहा मीटरवर होती, एनबीएत सव्वासात. पण कडे सगळीकडे दहा फुटांवरच असते आणि फ्री थ्रोची रेषा डेन्व्हरपासून क्योतोपर्यंत जवळपास तेवढ्याच अंतरावर. अब्दुल रऊफ यांचे पद गेले, पगार गेला, घर जळाले. त्या पंधरा फुटांवरून बॉल टाकायचा हात मात्र कुणाला काढून घेता आला नाही. तो हात घेऊनच ते विमानात बसत होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. ते उपाशी नव्हते. एनबीएत त्यांनी लाखो डॉलर कमावले होते, घरी बसून कडवटपणे मुलाखती देत राहणे त्यांना परवडले असते. तरी ज्याचे नाव अमेरिकेत घरोघरी होते तो माणूस लहान गावच्या लहान संघात नव्या पोरांबरोबर धावायला गेला. काम लहान मानले नाही. आम्हाला वाटते, मार्च १९९६ मधल्या त्या दोन मिनिटांपेक्षा ही तेरा वर्षे अवघड होती. हिंमत एका दिवसात दाखवता येते. सब्र मात्र रोज सकाळी उठून करावा लागतो, तोही कुणी बघत नसताना.

उशिरा का होईना, लोकांना आठवण झाली. २०२० मध्ये त्यांच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाने त्यांची ३५ नंबरची जर्सी कायमची राखून ठेवली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते तीन-तीन जणांच्या बिग थ्री लीगमध्ये पुन्हा मैदानात उतरले.

आता अम्मींच्या सवालाकडे. बॉल जाळीत टाकून घर चालते का? फार थोड्यांचे चालते, आणि ज्यांचे चालते त्यांचेही सलग चालत नाही. आपल्याकडे तर वाट आणखी अरुंद आहे. मुंबईच्या नागपाड्याने गल्लीतल्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. तिथले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. रेल्वेत, पोलिसांत खेळाडूंसाठी भरती असते. तरी दहावीचे पुस्तक बाजूला ठेवा असे आम्ही कुणालाही सांगणार नाही.

पण अम्मी, मुलगा संध्याकाळी मैदानावर असेल तर त्याला एवढे जरूर विचारा: आज रेषेवरून किती टाकले, किती चुकले? चुकलेले मोजायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची सवय लागली, तर ती पुढे वर्कशॉपमध्ये, दवाखान्यात, दुकानात, कुठेही कामाला येईल. करार कुणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही. कसब आपल्या हातात राहते.

आणि हे त्याच्या अब्बांनाही फोनवर वाचून दाखवा. कोरी वर्षे त्यांनीही काढली असतील. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.