शेतकऱ्यास वकील कसा हवा?

आपल्या या मासिकांतून बी-बियाणें, खतें, पाणी व कीड यांविषयीं वारंवार लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या उत्पन्नास लागणारी एक कीड अशी आहे कीं, तिजवर कोणतेंही औषध फवारून उपयोग होत नाहीं. ती म्हणजे जमिनीचा वाद. बांध, रस्ता, पाट आणि वाटणी या चार गोष्टींपायीं आपल्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या, जिल्ह्यांत कितीक घरें खंगलीं, हें प्रत्येकानें आपापल्या गांवांत पाहिलेंच असेल. मी महसूल खात्यांत पुष्कळ वर्षें कारकून होतों. अशा वादांचीं दप्तरें बांधण्यांत व सोडण्यांत माझी उमेद गेली. त्या अनुभवावरून माझें एक मत बनलें आहे. शेताचा वाद मिटणें किंवा चिघळणें हें कायद्याच्या कलमांपेक्षां वकिलाच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असतें. जो केवळ भांडूं जाणतो तो वकील शेतकऱ्यास पुरा पडत नाहीं. जो अडचण सोडवूं जाणतो तोच त्याच्या कामाचा.

हा विचार आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले व ते आपल्या जिल्ह्यांतही पसरले. त्यानंतर सरकारनें १८७९ मध्यें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठीं एक स्वतंत्र कायदा केला. त्यांत सलोखा करून देणारे गृहस्थ नेमण्याची तजवीज होती, आणि प्रथम त्यांजकडे जाऊन दाखला आणल्यावांचून शेतकऱ्यावर दावा लावतां येत नसे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं याच कायद्याखालीं स्पेशल जज्ज म्हणून काम पाहिलें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या सलोखा करणारांपुढें वकिलास उभें राहण्याचीच मनाई होती. वकील आला कीं समेट मोडतो, अशी त्या वेळच्या कायदे करणारांची समजूत होती!

आज कायद्यानें नेमकी उलट दिशा धरली आहे. लोकअदालतीचा कायदा १९८७ मध्यें झाला व १९९५ मध्यें अंमलांत आला. दिवाणी प्रक्रिया संहितेचें कलम ८९ हें २००२ पासून लागू होऊन, योग्य दावा समेटाकडे पाठविण्याचें काम न्यायालयावरच आलें. आपल्या राज्यांत २००७ मध्यें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम निघाली. २०२३ मध्यें संसदेनें मध्यस्थीचा निराळा कायदा केला. अशा रीतीनें दारें पुष्कळ उघडलीं; परंतु अशिलाचा हात धरून त्यांतून नेणारा वकीलच असतो. त्यास तें नेणें येत नसेल तर दार उघडें असून काय उपयोग?

माझ्या नोकरींतील एक प्रकरण सांगतों. दोघे चुलतभाऊ, एकाचें शेत वरच्या अंगास, दुसऱ्याचें खालीं. वरच्याचा ऊस खालच्याच्या शेतांतून गाडीवाटेनें बाहेर जाई. एके वर्षीं खालच्यानें ती वाट नांगरून टाकली. कचेरींत अर्ज झाला, मग वर अपील, मग दिवाणींत दावा. दोन्हीं वकिलांनीं कागद भरपूर लिहिले. वाट वहिवाटीची कीं नाहीं यावर साक्षी झाल्या. तीन वर्षें गेलीं, आणि त्यांतील एका हंगामांत ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहून वाळला. पुढें वरच्या भावानें वकील बदलला. हा नवा वकील वयानें लहान, पण एक दिवस स्वतः शिवारांत आला. दोन्हीं बांध पायीं फिरला आणि परवानगी घेऊन, त्याच्या वकिलाच्या समक्ष, खालच्या भावाशीं बोलला. तेव्हां जें तीन वर्षांच्या कागदांत नव्हतें तें बाहेर आलें. खालच्याचा राग वाटेवर नव्हता, पाण्यावर होता! पावसाळ्यांत वरचें सर्व पाणी त्या वाटेच्या चाकोरींतून वाहत येऊन त्याचें कांद्याचें रोप दर वर्षीं धुऊन नेई. त्यानें तें दोनदां सांगितलें होतें. कोणीं ऐकलें नव्हतें. मग वाट बांधावर सरकविली, दोघांनीं निम्मी-निम्मी जागा सोडली, वरच्यानें आपल्या खर्चानें चर खणून व नळा टाकून पाणी ओढ्यास लावून दिलें. वाद मिटला. कायद्याचें एकही नवें कलम त्यास लागलें नाहीं. लागले ते दोन पाय आणि दोन कान.

हीच शिकवण महात्मा गांधींस दक्षिण आफ्रिकेंत मिळाली, असें त्यांनीं आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. १८९३ मध्यें ते दादा अब्दुल्ला यांच्या कामासाठीं तिकडे गेले. वादी-प्रतिवादी एकमेकांचे नातेवाईकच होते व दावा मोठ्या रकमेचा होता. गांधीजींनीं दोघांस लवादास राजी केलें. निकाल दादा अब्दुल्लांकडे लागला. परंतु सर्व रक्कम एकदम द्यावी लागती तर प्रतिपक्षाचें दिवाळें निघालें असतें. म्हणून त्यांनीं आपल्याच अशिलाची समजूत घालून लांब मुदतीचे हप्ते मान्य करविले. जिंकल्यानंतरही दुसऱ्याचें घर उभें राहील असें पाहणें, ही वकिलीची पराकाष्ठा होय.

आतां, असें काम करण्यास कोणतीं सामर्थ्यें लागतात तें पाहूं.

पहिलें म्हणजे कागद आणि जमीन ताडून पाहण्याचें. पुष्कळ वकील सातबारा पाहून दावा लिहितात. परंतु फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे. ती सरकाराच्या साऱ्यापुरती असते, हें न्यायालयांनीं अनेकदां सांगितलें आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हां कित्येक गांवीं कागदावर एकाचा गट व ताब्यांत दुसऱ्याचा, असें झालें. येथें जुनें टिपण, फाळणी नकाशा, एकत्रीकरणाचा तक्ता व आजची मोजणी हीं चारही शेजारीं मांडून पाहणारा वकील पाहिजे. अशा अदलाबदल झालेल्या ताब्यांसाठींच राज्य सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें सलोखा योजना काढली. बारा वर्षांहून अधिक काळ परस्परांची जमीन कसणाऱ्या दोघांस, एक हजार रुपये मुद्रांक शुल्क व एक हजार रुपये नोंदणी फी भरून, अदलाबदलीचा दस्त करून घेण्याची तींत सोय झाली. तिची मुदत दुय्यम निबंधकाच्या कचेरींत विचारून घ्यावी. जो वकील हें जाणतो तो दोन हजारांत जें करील, तें न जाणणारा वीस वर्षांत करणार नाहीं.

दुसरें म्हणजे योग्य दार ओळखण्याचें. असलेली वाट किंवा पाण्याचा प्रवाह कोणीं अडविला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे जावें लागतें. बांधावरून नवीन वाट हवी असेल तर महसूल अधिनियमाचें कलम १४३. मालकीचाच प्रश्न असेल तर दिवाणी न्यायालय. चुकीच्या दारावर बसून सहा महिने घालविले कीं बरोबरचें दारही बंद होतें.

तिसरें म्हणजे शेवट आधीं सांगण्याचें. वाटणीचा दावा जिंकला म्हणजे जमीन हातीं आली, अशी आपली समजूत असते. तसें नाहीं. साऱ्याच्या जमिनीचें प्रत्यक्ष वाटप करण्यास हुकूमनामा कलम ५४ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मग मोजणी, मग हरकती, मग ताबा. वकिलानें हा सर्व मार्ग पहिल्याच दिवशीं अशिलास मांडून दाखवावा, व तडजोडीनें आज मिळणारें आणि निकालानें पुढें मिळणारें यांचा हिशेब त्याच्यापुढें ठेवावा.

चौथें म्हणजे समेट असा लिहिण्याचें कीं तो पुन्हां फाटणार नाहीं. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाहीं, लोकअदालतीच्या निवाड्यावरही नाहीं. म्हणून त्यांतील चूक जन्माची. वाट किती फूट, कोणत्या बाजूनें, डागडुजी कोणाची, हें नकाशासह लिहिलें पाहिजे. दाव्यांत नसलेला गट तडजोडींत घातला तर नोंदणी करावी लागते. आणि बहिणींस वगळून केलेली वाटणी टिकत नाहीं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच हक्क आहे, व वडील त्या दिवशीं हयात असोत वा नसोत तो जन्मापासूनचा आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें स्पष्ट केलें. बहिणीस आधींच बसवून घेणें हा न्यायही आहे आणि शहाणपणही.

यावर कोणी म्हणेल कीं, समेट हें दुबळ्याचें मरण आहे. दांडगा बांध कोरतो आणि पंच दुबळ्यास म्हणतात, मिटवून घे. हा आक्षेप खरा आहे, व मीं तसें होतांना पाहिलेंही आहे. दांडगाईपुढें समेट नाहीं. तेथें त्याच दिवशीं मनाई हुकूम मागितला पाहिजे आणि शेवटपर्यंत लढलें पाहिजे. परंतु गैरसमज कोठें आणि दांडगाई कोठें, हें ओळखणें यांतच वकिलाची परीक्षा आहे. जो प्रत्येक कामांत लढतो व जो प्रत्येक कामांत मिटवतो, ते दोघेही सारखेच आळशी.

मात्र सर्व दोष वकिलांवर टाकून आपण मोकळे होऊं नये. आपण वकिलाकडे जातों तें ‘त्याला दाखवितोंच’ असें म्हणून. जुनें खरेदीखत, बहिणीचा हक्कसोड, आपणच मागें केलेली कबुली हीं लपवितों. तारखेच्या फीस कांकूं करीत नाहीं, पण दोन बैठकींत वाद मिटविणाऱ्या वकिलास ‘यानें केलें काय?’ असें म्हणून निम्मे पैसे देतों. इतकेंच नव्हे, तर तो समोरच्यास फितला अशी आवई उठवितों. मग वकिलानें मिटवावें तरी कां? फी कामाच्या शेवटाची ठरवावी, तारखेची नव्हे; आणि शेवट समेटानें आला तर ती आनंदानें पुरी द्यावी.

विधि महाविद्यालयांत समेट व मध्यस्थी हा विषय सक्तीचा आहे. परंतु बांध काय, पाळीचें पाणी काय, चाकोरी काय, हें पुस्तकांतून कळत नाहीं. म्हणून माझी सूचना अशी कीं, आपल्या सभेनें तालुका विधि सेवा समितीस विनंती करून वर्षांतून एकदां, रब्बीचीं पिकें निघाल्यावर, एखाद्या गांवीं शिबिर भरवावें. तरुण वकील, मोजणीदार व तलाठी यांस शिवारांत न्यावें आणि गांवचे दोन-तीन खरे वाद त्यांच्यापुढें ठेवावे. त्यांतील एक जरी जागेवर मिटला तरी खर्च भरून निघाला. आणि तोंवर प्रत्येकानें वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीं वकिलास एवढेंच विचारावें: ‘साहेब, माझें शेत पाहावयास कधीं येतां?’ जो दिवस सांगेल, त्यासच काम द्यावें.