'सुफळ संपूर्ण'च्या पुढे

देवळाच्या ओवरीत असो वा देवळाच्या वाचनालयात असो, कथा-कादंबऱ्यांविषयी एक तक्रार आमच्या कानी हटकून पडते. "वाचून मन खिन्न झाले; लेखकाला शेवट गोड करता आला नसता काय?" ही ती तक्रार. ती करणारी माणसे सुविद्य असतात, सश्रद्ध असतात आणि त्यांचा हेतूही वाईट नसतो. दिवसभराच्या विवंचनेनंतर पुस्तकाने चार घटका विरंगुळा द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा. परंतु या साध्या अपेक्षेचा पुढे नियम होतो, आणि जिच्यात केल्या कर्माचे परिणाम जसेच्या तसे दाखविले आहेत ती कथा आपल्या घरात वा देवळाच्या कपाटात नको, असा निवाडा दिला जातो. तेव्हा मात्र आम्हांस गप्प बसवत नाही. हा निवाडा साहित्याच्या दृष्टीने चुकीचा आहेच. पण ज्या धर्माच्या नावाने तो दिला जातो, त्या धर्माच्या दृष्टीनेही तो चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम या अपेक्षेचे मूळ पाहू. श्रावणात आमच्या घरोघर कहाण्या वाचल्या जातात. वाट चुकलेला राजा, नावडती राणी, दरिद्री ब्राह्मण, सर्वांची सरतेशेवटी भरभराट होते आणि कहाणी 'सुफळ संपूर्ण' होते. कहाणीला आम्ही बोल लावीत नाही. ती व्रताचे अंग आहे आणि श्रद्धा दृढ करणे हे तिचे काम आहे. शिवाय उतणाऱ्या-मातणाऱ्याची आणि घेतला वसा टाकणाऱ्याची दैना तीही दाखविते. फक्त त्या दैनेवर तिच्यापाशी उतारा असतो. संसारात असे पुष्कळ घडते की ज्यावर उतारा नसतो. गेलेला माणूस परत येत नाही, मोडलेले लग्न पूर्ववत जुळत नाही, कर्जात गेलेली जमीन सावकार सोडीत नाही. जे लिखाण या संसाराविषयी बोलण्यासाठी जन्मास आले, त्यास व्रतकथेची फलश्रुती जोडावयास लावणे म्हणजे वैद्याने नाडी पाहावयाचे सोडून रोग्यास आशीर्वाद द्यावा असे म्हणण्यासारखे आहे.

"पण आपली परंपराच गोड शेवटाची आहे," असे यावर म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये हा संकेत आमच्या नाट्यशास्त्राने घालून दिला, हे खरे. पण त्याच परंपरेत 'ऊरुभंग' हे नाटक निपजले. भासाची म्हणून ओळखली जाणारी जी नाटके विसाव्या शतकाच्या आरंभी टी. गणपतिशास्त्र्यांनी त्रावणकोरातून उजेडात आणली, त्यांतले हे एक. भीमाच्या गदेने मांड्या फुटलेला दुर्योधन त्यात प्रेक्षकांदेखत प्राण सोडतो. त्याआधी त्याचा लहानगा मुलगा नित्याप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो, आणि बापास त्याला नको म्हणावे लागते. गदेचा तो एक घाव कुठवर पोहोचला, हे युद्धाच्या शंभर वर्णनांनी समजले नसते. ते त्या पोराच्या हट्टाने समजते.

आणि महाभारत? युद्ध जिंकून, राज्याभिषेक करून व्यासांना ग्रंथ आटोपता आला असता. त्यांनी तसे केले नाही. विजयानंतर स्त्रीपर्व येते, त्यात रणभूमीवर आपापली माणसे शोधीत फिरणाऱ्या विधवा आहेत. पुढे मौसलपर्वात यादव एकमेकांस मारून संपतात. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून येतात, तेव्हा त्याला गांडीव पेलवत नाही आणि अक्षय्य म्हणविणारे त्याचे बाण संपतात. नायकाचे हात थकतात आणि ज्यांचे रक्षण करावयाचे त्या स्त्रिया डोळ्यांदेखत लुटल्या जातात, हे लिहिण्याचे धैर्य ज्या ग्रंथकाराने दाखविले, त्याला आम्ही पाचवा वेद लिहिणारा म्हणून वंदन करतो. मग आजच्या लेखकाने तेच केले की त्याला निराशावादी का म्हणावे?

मराठी कादंबरीच्या पाळण्यापाशीच हा वाद उभा आहे. आणि त्याचा एक धागा आमच्या बेळगावातून निघतो, हे किती वाचकांस ठाऊक असेल? मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिची गणना होते त्या 'यमुनापर्यटना'चे कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला आणि ही कादंबरी १८५७ साली आली. कायदा झाला तरी घराच्या उंबरठ्याआत काहीच बदलले नव्हते, ते तिने दाखविले. यमुना पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे ऐकते आणि पुढे तिच्यावरच तो प्रसंग येतो. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६८ साली, नारो सदाशिव रिसबूडांची 'मंजुघोषा' आली. रिसबुडांनी प्रस्तावनेत कबूलच केले की, आम्हां हिंदूंच्या नित्याच्या जीवनात आणि आमच्या विवाहरीतीत मन वेधण्याजोगे काही नाही. तेच लिहिले तर वाचकाचे रंजन होणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळणे प्राप्त आहे. आमच्या मते मराठी कथेच्या प्रांतात याहून मोठी चुकीची कबुली कोणी दिली नसेल. ज्या घरांत आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा होऊन कोपऱ्यात बसत होत्या, त्या घरांत लिहिण्याजोगे काही नव्हते काय?

येथे आमचे काही वाचक म्हणतील, "पदमनजी तर १८५४ सालीच ख्रिस्ती झाले होते, त्यांनी आमची उणी काढावी यात नवल ते काय?" हा आक्षेप आम्ही टाळणार नाही. 'यमुनापर्यटना'चा शेवट, ज्यात यमुना ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो, तो आम्हांसही पटत नाही. पण तो का पटत नाही? तोही एक 'सुफळ संपूर्ण'च आहे म्हणून. देव बदलला, उताऱ्याची तऱ्हा तीच राहिली. विधवांची जी गाऱ्हाणी कादंबरीभर ऐकू येतात, ती मात्र लेखकाच्या धर्मांतराने खोटी ठरत नाहीत. वैद्य परधर्माचा आहे म्हणून ताप उतरत नसतो. आणि ज्यांस परक्याची साक्ष नको, त्यांनी हरिभाऊ आपट्यांची साक्ष घ्यावी. १८९० पासून 'करमणूक' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमूला कोणी सोडविण्यास येत नाही. नवरा मरतो, केशवपन होते आणि ती झिजून जाते. हरिभाऊ तर आमच्यातलेच होते, आणि पत्राचे नाव 'करमणूक' असूनही त्यांनी खोटी करमणूक केली नाही.

आता आमच्या अगदी अंगणातील दोन लेखकांकडे येऊ. बेळगावच्या संस्कारांत वाढलेल्या प्रकाश नारायण संतांनी 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांत लंपन नावाचा मुलगा उभा केला. आजी-आजोबांच्या घरी राहणारा, सुमीशी भांडणारा, कानडीच्या हेलात मिसळलेली आमची सीमाभागाची मराठी बोलणारा हा पोर मराठी वाचकांस घरचा वाटू लागला. मुलांच्या गोष्टींचा एक संकेत असतो, तो असा की नायकाचे वय वाढत नाही आणि त्याच्या जगाला तडा जात नाही. संतांनी हा संकेत पाळला नाही. 'झुंबर'च्या अखेरीस लंपनचे वडील जातात. संतांचे स्वतःचे वडील, नारायण संत, १९४६ साली गेले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आई, म्हणजे कवयित्री इंदिरा संत, यांचा तो शोक त्यांनी घरातच पाहिला होता. आपल्या लाडक्या पोराला हा घाव चुकविणे लेखकाच्या हाती होते. पण तो चुकविला असता, तर आधीची सारी मौज केवळ गंमत ठरली असती. पुढे काय हरपणार आहे हे कळल्यावरच त्या मौजेचे मोल कळते.

दुसरे निपाणीचे महादेव मोरे. २०२४ साली ते निवर्तले. पिठाची गिरणी चालविणाऱ्या या लेखकाने मोटारी दुरुस्त करणारे, टॅक्सी हाकणारे, तंबाखूच्या वखारीत धुरळ्यात राबणाऱ्या बाया आणि देवदासी यांची आयुष्ये लिहिली. निपाणीच्या तंबाखूवर ज्यांचे वाडे उठले, त्यांना वखारीच्या आत काय चालते ते ठाऊक नव्हते असे नाही. ते पुस्तकात छापलेले नको होते, इतकेच.

देवदासीचा उल्लेख आला तेव्हा स्पष्टच बोलतो, कारण हा लेख देवस्थानाच्या आप्तवर्गातील वाचकांसाठी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेला केलेल्या नवसाची गोष्ट नवस करणाऱ्याच्या घरी 'सुफळ संपूर्ण' होते. दुखणे बरे होते, संकट टळते आणि नवस फेडला जातो. पण जिला सोडून तो फेडला, त्या पोरीची गोष्ट तेथे सुरू होते. १९३४ साली मुंबई इलाख्यात आणि १९८२ साली कर्नाटकात या प्रथेविरुद्ध कायदे झाले. असा कायदा करावा लागला याचा अर्थच हा की, पिढ्यान् पिढ्या आम्ही गोष्टीचा पूर्वार्ध ऐकून हात जोडले आणि उत्तरार्धाच्या वेळी उठून गेलो. तो उत्तरार्ध जो लेखक सांगतो, तो देवीचा द्रोह करीत नाही. देवीच्या नावावर माणसांनी केलेल्या व्यवहाराचा हिशेब तो मांडतो.

यावरून रडका शेवट म्हणजे खरा शेवट, असे मात्र कोणी समजू नये. वाचकाच्या डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी शेवटच्या पानावर क्षय, अपघात वा आत्महत्या आणून ठेवणारे लेखकही आम्हांस ठाऊक आहेत. तीही संकेताची गुलामीच. पेढ्याऐवजी कडू काढा दिला एवढाच फरक. खऱ्या कथेची कसोटी गोड-कडूपणाची नाही. जे पेरले तेच उगवले की नाही, आणि ते ज्याच्या शेतात उगवावयाचे त्याच्याच शेतात उगवले की दुसऱ्या कोणा निरपराध्याच्या, हे लेखकाने प्रामाणिकपणे पाहिले काय, ही ती कसोटी. आम्ही स्वतःस कर्मसिद्धान्ताचे अनुयायी म्हणवितो. कर्माचे फळ टळत नाही हे प्रवचनात मान डोलावून ऐकावयाचे आणि कादंबरीत मात्र ते टळलेच पाहिजे असा आग्रह धरावयाचा, ही विसंगती आमच्या ध्यानात कशी येत नाही?

देवळांच्या वाचनालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या मंडळींस म्हणून आमचे सांगणे आहे. कहाण्यांची पोथी अवश्य ठेवा. तिच्याच फळीवर हरिभाऊंची यमू ठेवा, संतांचा लंपन ठेवा, मोऱ्यांची निपाणी ठेवा, आणि 'यमुनापर्यटन'ही मतभेदासह ठेवा. घरातील मुलीने एखादे पुस्तक मिटून "हिचे असे का झाले?" म्हणून विचारले, तर पुस्तक काढून घेऊ नका. तिच्या प्रश्नाला उत्तर द्या, आणि उत्तर आपल्यापाशी नसेल तर तेही तिला सांगा.