औषध आहे, मग अडले कोठे?

रक्तदान शिबिर हा आपल्या सार्वजनिक जीवनातला नित्याचा कार्यक्रम झाला आहे. कोणाची जयंती असो वा स्मृतिदिन, शाखा उत्साहाने शिबिर भरवते, पिशव्यांचा आकडा अहवालात नोंदवते, दात्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवते आणि पुढल्या कामाला लागते. त्या रक्ताचे आणि त्या दात्याचे पुढे काय होते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ती न केल्यामुळे आमच्या शाखेच्या हातून जे घडले, ते येथे मांडणे मी कर्तव्य समजतो.

आमचा एक साथी नगरपालिकेत सफाई कामगार. काही वर्षांपूर्वी त्याने शिबिरात रक्त दिले. पंधरवड्यानंतर रक्तपेढीने त्याला बोलावून घेतले आणि ‘तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सी दिसतो, मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असे सांगून एक कागद दिला. कागद इंग्रजीत होता. घरी त्याचे ताट आणि तांब्या वेगळा झाला, नातवाला त्याच्या मांडीवर बसू देईनात. यकृताचा रोग म्हणजे दारूचाच, असा निवाडा शेजाऱ्यांनी देऊन टाकला. वस्तुतः त्याने दारूला कधी स्पर्शही केला नव्हता. तो शाखेत येईनासा झाला. तेव्हा आम्ही काय केले? तो दुसऱ्या गटाला मिळाला असावा, अशी कुजबुज केली! खरी हकीकत कळायला दीड वर्ष गेले. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात बारा आठवडे रोज गोळ्या घेऊन तो पूर्ण बरा झाला. औषधाला पैसा पडला नाही. मग मधल्या दीड वर्षाचा जाब कोणी द्यायचा?

हा रोग नीट समजून घेतला पाहिजे. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की रक्त चढविल्यानंतर होणारी पुष्कळशी कावीळ ही ए किंवा बी या ज्ञात विषाणूंची नव्हे. तो तिसरा विषाणू १९८९ मध्ये हाती लागला. या संशोधनासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राईस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू मुख्यतः रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, लेकराला मांडीवर घेतल्याने तो जात नाही. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के लोक सहा महिन्यांच्या आत उपचारावाचून त्यातून मुक्त होतात. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो आणि बहुधा वर्षानुवर्षे कसलीही चाहूल लागू देत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, म्हणून कावीळ उतरविणाऱ्याकडे जाण्याचाही प्रसंग येत नाही. अशांपैकी पंधरा ते तीस टक्के लोकांचे यकृत वीस वर्षांत आकसून निकामी होऊ लागते. काहींना कर्करोग होतो. पोटात पाणी साचून माणूस जातो आणि गाव म्हणते, दारूने गेला.

रक्तातून रक्तात जाणारा हा विषाणू कष्टकऱ्यांच्या शरीरात शिरतो कसा? आपल्याकडे सुई टोचल्यावाचून गुण येत नाही, अशी समजूत आहे. एक दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून शेतमजूर स्वतःच सलाईन लावा म्हणतो आणि गावचा डॉक्टर लावतो. या शतकाच्या आरंभी झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले, की भारतात वर्षाकाठी सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली साठ टक्क्यांहून अधिक असुरक्षित असतात. रक्तपेढ्यांना या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्यापूर्वी ज्यांनी रक्त घेतले, ज्यांना थॅलसेमियासारख्या आजारामुळे वारंवार रक्त घ्यावे लागते, जे डायलिसिसवर आहेत, जे एकमेकांच्या सुईने नशा करतात, त्या सर्वांना धोका अधिक. दवाखान्यांच्या कचऱ्यातल्या सुया हाताला लागतात ते सफाई कामगारही यातच आले.

येथे आपल्या विचाराच्या माणसांनी एक कटू सत्य पचविले पाहिजे. इजिप्तमध्ये हा रोग घरोघर पोचविला तो एका सरकारी लोककल्याणकारी मोहिमेने. नाईलच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना पाण्यातल्या जंतामुळे शिस्टोसोमियासिस नावाचा रोग होई. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यावर सामुदायिक इंजेक्शने देण्यात आली. काचेच्या पिचकाऱ्या पुरेशा न उकळता पुनःपुन्हा वापरल्या गेल्या. हेतू निर्मळ होता, पण सुई निर्मळ नव्हती. आणि जगातील सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत इजिप्तची गणना होऊ लागली. पण याच इजिप्तने २०१८ च्या ऑक्टोबरात तपासणीची मोहीम हाती घेतली, सुमारे सात महिन्यांत पाच कोटींच्या आसपास लोकांची तपासणी केली आणि बाधितांना मोफत औषध दिले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगनिर्मूलनाच्या वाटेवरील या प्रगतीला ‘सुवर्ण’ श्रेणी दिली. सार्वजनिक यंत्रणेची चूक खाजगी बाजाराने निस्तरली नाही, सार्वजनिक यंत्रणेनेच निस्तरली.

आता औषधाची कथा. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभरापर्यंत घ्यावी लागत. यातना फार, खर्च लाखांत आणि गुण साधारण निम्म्यांना. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली. आज अशा गोळ्यांच्या जोडीने शंभरांतले पंच्याण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. परंतु गिलिअड कंपनीने बारा आठवड्यांच्या गोळ्यांना ८४,००० डॉलर किंमत लावली. एका गोळीला हजार डॉलर! तेवढ्याच गोळ्या तयार करण्याचा खर्च लिव्हरपूलच्या संशोधकांनी ६८ ते १३६ डॉलर काढला. अमेरिकी सिनेटच्या समितीने दीड वर्ष चौकशी करून २०१५ मध्ये निष्कर्ष दिला, की किंमत ठरविताना अधिकात अधिक उत्पन्नाचा विचार झाला, अधिकात अधिक रोग्यांचा नव्हे. हा निष्कर्ष आपल्या पक्षाचा नाही, भांडवलशाहीच्या माहेरघरातला आहे.

भारतात तीच गोळी स्वस्त का झाली? कोणाला दया आली म्हणून नव्हे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच पेटंट दिले आणि त्या आधारावर देशी औषधउद्योग उभा राहिला. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराखाली तो कायदा बदलावा लागला, तेव्हा संसदेतील डाव्या पक्षांच्या व जनसंघटनांच्या आग्रहामुळे जुन्या औषधाला नवा मुलामा देऊन पेटंट उकळण्यास अटकाव करणारे संरक्षण कायद्यात पक्के झाले. इतके कारखाने आणि असा कायदा समोर असताना कंपनीने २०१४ मध्ये भारतीय उत्पादकांना परवाने दिले. ते ९१ देशांपुरतेच होते. अनेक मध्यम उत्पन्नाचे देश बाहेर ठेवले गेले. आपल्याकडे किंमत शेकडो पटींनी उतरली. २०१६ मध्ये पंजाबने मोफत उपचार सुरू केले आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध दोन्ही मोफत झाली.

म्हणजे कायदा आहे, कारखाना आहे, कार्यक्रम आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात सुमारे ५५ लाख लोक हा विषाणू अंगात घेऊन वावरतात, आणि जगभरच्या बाधितांपैकी जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या अधिकांनाच आपल्या रोगाचा पत्ता लागलेला आहे. गोळी फुकट, पण ती आपल्याला हवी हेच ठाऊक नाही! पूर्वीची भिंत किमतीची होती. आजची भिंत अज्ञानाची, भीतीची आणि इंग्रजी कागदाची आहे. ती पाडणे हे सरकारचे काम आहेच, किंबहुना गावोगाव तपासणी मागण्यासाठी आपण मोर्चेही काढले पाहिजेत. पण ते होईपर्यंत आपण हात बांधून बसायचे काय?

प्रत्येक शाखेने शिबिरापूर्वी दात्यांना मराठीत एक पत्रक द्यावे. रक्तपेढीचे बोलावणे आले तर घाबरू नये. पहिली तपासणी केवळ विषाणूशी गाठ पडल्याची खूण दाखवते, तो अजून अंगात आहे की नाही हे दुसऱ्या तपासणीने ठरते आणि ती सरकारी कार्यक्रमात मोफत होते, हे त्यात असावे. कोणाकडे यायचे, त्या दोन कार्यकर्त्यांची नावे असावीत. मात्र रक्तपेढीकडे कोणाचा निकाल मागायला जाऊ नये. तो दात्याचा आहे, शाखेचा नव्हे. घरच्यांना सांगावे, की ताट वेगळे करू नका, फक्त दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश वेगळा ठेवा. रोग्याने दारू वर्ज्य करावी, औषधाचा दिवस चुकवू नये, बरे झाल्यावरही सुईपासून सावध राहावे. कारण हा रोग पुन्हा होऊ शकतो आणि त्यावर लस नाही. बी प्रकारावर लस आहे. ती आणि जाड हातमोजे प्रत्येक सफाई कामगाराला मिळावेत, ही मागणी नगरपालिकेकडे रेटावी. या रोगाचे कारण दाखवून कोणाला कामावरून काढले, तर त्याच्या पाठीशी युनियनने उभे राहावे.

आमच्या साथीचे दीड वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही. त्याचे यकृत शाबूत राहिले हा केवळ योगायोग. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तो घडेलच असे नाही. पुढल्या शिबिराची तारीख ठरविताना पिशव्यांच्या आकड्याआधी एवढेच विचारू या, की ज्याचे रक्त आपण घेतले, त्याला आवाज देता येईल इतक्या अंतरावर आपण उभे आहोत काय?