टोक आधी, दांडी नंतर

लहानपणी आम्ही खराट्याच्या काडीचे बाण करायचो. काडीच्या पुढच्या टोकाला डांबराची गोळी चिकटवली की झाला बाण तयार. डांबर नसलेली काडी हवेत गिरक्या घ्यायची आणि डांबरवाली सरळ जायची, एवढं आम्हाला दुसरी-तिसरीत असतानाच कळलं होतं. का, ते कळायला मात्र मेकॅनिकलची डिग्री, आयटीतली नोकरी आणि ऑरेगनमधली तीन वर्षं लागली. (आयटीत आल्यापासून डिग्रीचा झालेला हा पहिलाच उपयोग!)

तर मंडळी, गेली दोन वर्षं मी दर शनिवारी लाकडी धनुष्य घेऊन मैदानावर जातो आणि माझे बाण मीच करतो. घरी हे सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे त्या अदिती स्वामीसारखं का रे?" २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्याकडे धनुष्य म्हणजे तेच. नाही गं आई, त्यांचं वेगळं. ते कारखान्यातले कार्बनचे बाण, बाराच्या बारा तंतोतंत सारखे. माझे लाकडाचे. बाराच्या बारा बारा तऱ्हेचे.

आणि आजचा मुद्दा तिथेच आहे. लाकडी बाण करणारा नवखा माणूस सगळा जीव पिसांच्या रंगात आणि टोकाच्या देखणेपणात ओततो. मीही ओतला. माझं आता ठाम मत झालंय की बाण करणं म्हणजे निवडणं, आणि निवडणं म्हणजे मुख्यतः नाकारणं. चिकटवाचिकटवी कुणालाही जमते.

आधी थोडं शास्त्र. (कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, रागावणार नाही.) साध्या धनुष्यात बाण मधून जात नाही, कडेने जातो. दोरी मात्र मधोमध. त्यामुळे सुटताना बाण धनुष्याला वळसा घालतो, म्हणजे अक्षरशः वाकतो, आणि मग माशासारखा डावी-उजवीकडे हलत सरळ होतो. तो किती वाकावा याला माप आहे, त्याला स्पाइन म्हणतात. २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवायची, मधोमध २ पौंडांचं वजन टांगायचं आणि दांडी किती इंच झुकली ते बघायचं. २६ ला त्या आकड्याने भागलं की पौंडात स्पाइन. अर्धा इंच झुकली तर ५२. माझ्या ४० पौंडी धनुष्याला ४० ते ४५ चा गट मानवतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर डावीकडे जातो, फार लवचिक असेल तर उजवीकडे.

इथे मला दुसऱ्या वर्षाचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आठवलं. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ५/१६ इंचाऐवजी ११/३२ ची दांडी घेतली तर जाडीत फरक फक्त दहा टक्के, पण त्याच लाकडात ताठपणा जवळजवळ दीडपट. वाकणं लांबीच्या तिसऱ्या घातात. २८ चा बाण २९ इंच केला की तो ११ टक्के जास्त वाकतो. जुने कारागीर सांगतात की २८ च्या पुढे दर इंचाला ५ पौंड जास्त स्पाइनची दांडी घ्या. ४५ चे ११ टक्के किती? पाच! ज्यांनी हा नियम बसवला त्यांनी तिसरा घात काढला नसेल, बाण मात्र भरपूर मोडले असतील.

आता टोक. टोक जड केलं की तीच दांडी जास्त वाकते, कारण पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं आणि मागून दोरी ढकलत असते. म्हणजे टोक हा दागिना नाही, तो हिशोबातला आकडा आहे. पुष्कळ जण म्हणतात, आधी दांड्या घ्या, टोक काय मागाहून गरम करून बदलता येतं. मला हे पटत नाही. १२५ ग्रेनचं टोक (साधारण ८ ग्रॅम) यंत्रावर बनलेलं असतं, डझनभर तोलली तरी फरक नगण्य. लाकूड तसं नाही. माझ्या पहिल्या डझनात एकाच स्पाइनच्या दांड्यांत ३० ग्रेनचा फरक निघाला. मग जे पक्कं आहे ते आधी ठरवा आणि जे डगमगतं ते त्याला जुळवा. टोकाचं वजन, मग बाणाची लांबी, मग स्पाइन, आणि शेवटी वजनाप्रमाणे दांड्यांची वाटणी. बोडकिनसारखी मध्ययुगीन टोकं फोटोत झकास दिसतात, पण सरावाला साधं गोळीच्या आकाराचंच घ्यावं. दांडीच्याच जाडीचं आणि सरळ बसलेलं.

ही भांडणं नवी नाहीत. १५४५ साली रॉजर ॲस्कम नावाच्या इंग्रज मास्तराने तिरंदाजीवर पुस्तक लिहिलं. त्यात बाणाची पंधरा लाकडं मोजून दाखवलीत आणि तक्रार केलीय की लढाईचे बाण चांगल्या ॲशचे हवेत, हल्ली मात्र ॲस्पेनचे करतात. त्याच वर्षी मेरी रोझ हे इंग्रजांचं लढाऊ जहाज बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं. त्यावर हजारो बाण सापडले आणि त्यातले बहुतेक पॉप्लरचे, म्हणजे ॲस्पेनच्याच कुळातले. डॉक्युमेंटेशन एक आणि प्रॉडक्शनला दुसरंच, हा प्रकार आपण आयटीवाल्यांनी शोधलेला नाही :-)

असो. आता जे सांगायला बसलो ते.

इथे बाणाचं आवडतं लाकूड म्हणजे पोर्ट ऑर्फर्ड सीडर. हलकं, सरळ धाग्याचं, कापताना सुंदर वास येतो. ते जगात फक्त नैर्ऋत्य ऑरेगन आणि त्याला लागून असलेल्या कॅलिफोर्नियात उगवतं. त्यात मुळांच्या रोगाने झाडं मरतायत, त्यामुळे चांगल्या दांड्या महाग. माझ्या दुसऱ्या डझनात एका दांडीचे धागे सरळ न जाता मधेच तिरपे बाहेर पडत होते. मैदानावर एक निवृत्त सुतार येतात, त्यांनी बघताक्षणी सांगितलं, ही टाक. मला टाकवेना. आपल्याकडे साबणाची चिपटीसुद्धा नव्या वडीला चिकटवतात हो! मी तिचा बाण केला. महिनाभर उत्तम चालला. मग एकदा तो लक्ष्याच्या लाकडी चौकटीवर आदळला. वरवर बघितलं, ठीक वाटला, परत लावला आणि सोडला. सोडताक्षणी तो त्या तिरप्या धाग्यावरच मोडला आणि एक लांब कुसळ डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. तीन टाके. दहा दिवस एका हाताने टायपिंग. दोन इंच वर गेलं असतं तर मनगटाची शीर होती.

चूक लाकडाची नव्हती. लाकडाने सगळं आधीच लिहून ठेवलं होतं, मी वाचूनही काटकसर केली.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. दांडी हातात आली की आधी धागे बघायचे, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेच पाहिजेत. थोडे तिरपे असतील तर बाणाच्या वरच्या बाजूला दिसणारी धाग्यांची टोकं पुढे, लक्ष्याकडे ठेवायची, म्हणजे मोडलाच तर कुसळ हातापासून वर जाण्याची शक्यता जास्त. जास्त तिरपे असतील तर ती दांडी टोमॅटोच्या रोपाला आधार. आणि कशावरही आदळलेला बाण परत लावण्याआधी कानाजवळ धरून थोडा वाकवायचा. कट्ट आवाज आला की तिथल्या तिथे दोन तुकडे करायचे, म्हणजे मोह नको.

मग कार्बनचेच का घेत नाही? गुण मिळवायचे असतील तर जरूर घ्या. लाकडात जीव असतो वगैरे मी म्हणणार नाही. लाकडात फक्त फरक असतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. बघायचं की नाही हे आपल्या हातात.

यावेळच्या बारांतल्या पाच दांड्या टोमॅटोकडे गेल्या. सात बाण झाले. अंगठ्यावरची खूण अजून आहे, आणि सात पुरतात.