फॅनगिरी कट्ट्यापर्यंत येऊ दे!

‘हार्टस्टॉपर’चा सीझन एका रात्रीत संपवलात, निक-चार्लीचे एडिट्स स्टेटसला ठेवलेत आणि चिंचपोकळी ते दादर लोकलच्या गर्दीतही कानात बीटीएस. बरोबर ना? मीही तुमच्यातलीच.

पण अशा गोष्टी फक्त बाहेरच घडतात, असं समजू नका. ‘हार्टस्टॉपर’ आलं २०२२ मध्ये. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालीच मराठी रंगभूमीवर आलं होतं. कॉलेजातली मित्रा, तिचं एका मुलीवरचं प्रेम आणि तिची होणारी घुसमट. अलीकडे ‘कारभारी लयभारी’ मालिकेत गंगा ही ट्रान्स व्यक्तिरेखा ट्रान्स कलाकारानेच साकारली. यांचे एडिट्स किती जणांनी केले?

उलट, कट्ट्यावर कुणाच्या चालण्या-बोलण्याची नक्कल झाली की आपण खो खो हसतो. शेजारचा एखादा मित्र तेव्हा गप्प असतो. चार्लीसाठी आपण रडलो होतो, हे त्याला माहीत असतं. लक्षात मात्र आपलं हसणं राहतं.

म्हणून पुढच्या एकांकिकेत असं पात्र दिसलं, तर तिकीट काढा, भरभरून लिहा. आणि नक्कल सुरू झाली की ‘बस कर यार’ एवढं तरी म्हणा. फॅन आहोतच, मित्रही होऊया.