पेंड चालते, बियाणे का चालत नाही?



२४ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. ती उतरवायला नवी मुंबईजवळचे न्हावा शेवा बंदर खुले केले. कोंबडीखाद्य महागले, अशी ओरड होती. त्या महिन्याच्या सुरुवातीला क्विंटलला दहा हजारांवर गेलेला सोयाबीनचा भाव, आपले नवे पीक बाजारात येईतो जवळपास निम्म्यावर आला. भाव पडायला इतर कारणेही असतील. पण सरकारने कोणाची बाजू घेतली, ते उघड आहे.

असे सोयाबीन अमेरिकेत १९९६ पासून पेरतात. उभ्या पिकात तणनाशक फवारले तर तण मरते, पीक मरत नाही. हाच गुण असलेल्या कपाशीला आपल्याकडे आजही मंजुरी नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर गावी शेतकऱ्यांनी ती उघडपणे पेरली, ती हौस म्हणून नव्हे. श्रावणात झड लागते, वाफसा येत नाही, डवरा चालत नाही. उघाड मिळाली की साऱ्या गावाला एकाच दिवशी निंदणाला मजूर हवे असतात. तोवर तण कपाशीच्या डोक्यावर गेलेले असते.

म्हणजे त्या दाण्याची पेंड बंदरावर शुद्ध आणि तोच गुण आपल्या शिवारात अशुद्ध! हा कुठला न्याय?

मात्र निवडीचे स्वातंत्र्य मागताना डोळे उघडे ठेवू या. अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात एकाच तणनाशकावर भिस्त ठेवली गेली. आज तिथे राजगिऱ्याच्या कुळातली तणे त्या औषधाला दाद देत नाहीत. आपणही हे भोगले आहे. बीटी कपाशी २००२ साली आली आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची बोंडे पोखरली. एकच उपाय सगळीकडे, वर्षानुवर्षे वापरला की कीड आणि तण त्याला सरावतात.

म्हणून बियाणे कोणतेही असो, डवऱ्याचे फेर सोडू नका. फरदडीचा मोह टाळा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. कामगंध सापळे लावा. कपाशीवर कपाशी न घेता मध्ये ज्वारी घ्या. ज्वारी गेली तशी कडब्याची गंजी गेली, आणि बैलाला चारा विकत घ्यायची पाळी आली. बांधावरचे गवत हे तण नव्हे, चारा आहे. त्यावर तणनाशक मारू नका. फवारलेले गवत जनावरापुढे टाकू नका.

जिल्हा बैठकीत एकच प्रश्न ठासून विचारा: परदेशी शेतकऱ्याचा माल बंदरात घेता, मग तो ज्या तंत्राने पिकवतो ते आम्हाला का नाकारता? तंत्र वापरायचे की नाही, हे ज्याचे शेत त्याला ठरवू द्या.